लायसन्सची पत

कोजागरीला चंद्र दिसेल अशी आशा इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये कुणी ठेवत नाही. आम्ही पंधरा-सोळा जण एका बैठकीच्या खोलीत दाटीवाटीने बसून मसाला दूध पीत होतो, बाहेर भुरभुर पाऊस, आणि गप्पा फिरून फिरून नेहमीच्या ठिकाणी आल्या. नाशिकचे एक दादा, भारतात अठरा वर्षं गाडी चालवलेले, कसारा घाट डोळे मिटून उतरतील असे. भारतीय लायसन्सवर इथे गाडी चालवायचे त्यांचे बारा महिने पुढच्या गुरुवारी संपत होते. त्या दिवसापासून त्यांना प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्सवर, गाडीला पुढेमागे लाल 'एल' लावून आणि शेजारी कुणी लायसन्सवाला बसवूनच गाडी काढता येणार होती. शेजारी बसायला तयार झाला होता त्यांच्या ऑफिसातला तेवीस वर्षांचा मुलगा.

"झिम्बाब्वेचं लायसन्स इथे नुसतं बदलून मिळतं," दादा म्हणाले. "बार्बाडोसचं मिळतं. आणि आपलं? दीडशे वर्षं राज्य केलं आपल्यावर. डावीकडून गाडी चालवायला यांनीच शिकवलं ना आपल्याला?"

खोलीत सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण डोलावली असती, चार वर्षांपूर्वी. तेव्हा हेच वाक्य मी स्वतः फोनवर आईला ऐकवलं होतं, झिम्बाब्वेसकट. आज मात्र मला हा राग चुकीच्या दारावर धडका मारतोय असं वाटतं.

दादांची माहिती बरोबर होती. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये राहायला आलेल्या माणसाला मूळ देशाच्या लायसन्सवर पहिले बारा महिने गाडी चालवता येते. पुढचं सगळं तुमचं लायसन्स कुठल्या यादीत बसतं त्यावर. युरोपीय संघातलं असेल तर सत्तरीपर्यंत काही करावं लागत नाही. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या देशांपैकी असेल, म्हणजे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जपान, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे, बार्बाडोस, अगदी फॉकलंड बेटं, तर फॉर्म भरायचा, फी भरायची, जुनं लायसन्स पाठवून द्यायचं. ब्रिटिश कार्ड टपालाने घरी येतं. आणि या दोन्हींच्या बाहेरचे असाल तर अठरा वर्षांचा अनुभव शून्य. ३४ पौंडांचं प्रोव्हिजनल, २३ पौंडांची थिअरी, ६२ पौंडांची प्रॅक्टिकल, सतरा वर्षांच्या पोराबरोबर एकाच रांगेत. भारतातून निघताना एक हजार रुपये भरून काढलेलं आंतरराष्ट्रीय परमिट इथे मदतीला येत नाही. ते मूळ लायसन्सचं एक प्रकारचं भाषांतरच; मूळ कागदाला इथे जेवढी किंमत, तेवढीच त्याला.

आता या यादीबाहेर कोण आहे ते बघा. आपण आहोत, पाकिस्तान आहे, चीन आहे. आणि अमेरिकाही आहे. टेक्सासात तीस वर्षं ट्रकएवढी गाडी चालवलेला गोरा माणूसही स्विंडनला आला की तेराव्या महिन्यात 'एल' लावतो. गोऱ्या-काळ्याचा हिशेब इथे जुळत नाही.

आमच्या गल्लीत त्याहून बोलकी उदाहरणं आहेत. स्विंडनमध्ये गोवेकर पुष्कळ. त्यांतल्या बऱ्याच जणांकडे पोर्तुगीज पासपोर्ट, म्हणजे विमानतळावर ते युरोपीय. पण लायसन्स म्हापशाचं किंवा मडगावचं असेल तर त्यांचीही गत नाशिकच्या दादांसारखीच होते, कारण विचारलं जातं ते तुमचं नागरिकत्व नाही, परीक्षा कुठे दिलीत हे. याउलट दुबईत नोकरी करून इथे आलेला एक मराठी मुलगा. त्याने तिथे रीतसर परीक्षा देऊन अमिरातीचं लायसन्स काढलं होतं. अमिरातीचं नाव ब्रिटनच्या यादीत २०२१ मध्ये आलं. त्याचं बदलून मिळालं. माणूस तोच, हात तेच, गाडी शिकलेला सोलापुरात. भारतीय कार्ड दाखवलं तर नाही, अमिरातीचं दाखवलं तर हो. आणि पुण्यात चार वर्षं नोकरी करताना एखाद्या इंग्रजाने तिथे पहिलंवहिलं लायसन्स काढलं असेल, तर मायदेशी परतल्यावर त्यालाही कुणी ते बदलून देणार नाही.

पूर्वी यात्रेकरू काशीला जाताना रोकड नेत नसे, हुंडी नेई. काशीच्या सावकाराला हा पुण्याचा माणूस कोण हे ठाऊक नसे. हुंडी लिहिणारी पेढी ठाऊक असे, आणि तिची पत बघून हुंडी वटायची. लायसन्स ही तशीच हुंडी आहे. माझ्या नावाने असली तरी वटणार ती आमच्या आरटीओची पत बघून.

यादी केवळ सुरक्षिततेच्या हिशेबाने होते असं मात्र मी म्हणणार नाही. तिच्यात जुनी नाती आहेत, आमचं तुम्ही घ्या तुमचं आम्ही घेतो असा व्यवहार आहे, एखाद्या मंत्र्याने केलेला पाठपुरावा आहे. झिम्बाब्वेतली चाचणी अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा कडक असते असं कुणी छातीठोकपणे सांगेल असं वाटत नाही. तेव्हा यादीत अन्याय आहेच. पण भारताने तिच्यात घुसायचा प्रयत्न करायचा तर टेबलावर काय ठेवणार? जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटनच्या व्यापार करारावर सह्या झाल्या. त्याआधी व्हिस्कीच्या आयातशुल्कावर वर्षानुवर्षं घासाघीस चालली होती. लायसन्सचा विषय त्या काळात मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही, आणि मला त्याचं नवलही वाटलं नाही.

कारण माझं स्वतःचं लायसन्स कसं निघालं ते मला आठवतं. २००७ साल, जिल्ह्याचं गाव. मोटार ट्रेनिंग स्कूलवाल्याने लर्निंग आणि पक्कं अशा दोन्हींचे पैसे एकदमच घेतले होते, 'वरचे' धरून. टेस्टच्या दिवशी मैदानावर आम्ही बाराजण. माझी पाळी आली तेव्हा शेजारी स्कूलचे सर बसले, त्यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच. गाडी पंचवीस-तीस फूट पुढे गेली. कुणी नेली हे अजूनही सांगता येणार नाही. साहेब झाडाखाली खुर्चीवर बसून कागदांवर सह्या करत होते, त्यांनी वर पाहिलं नाही. आठ काढायचा असतो असं ऐकून मी रात्रभर घाबरले होते. आठ नाही, एकसुद्धा काढावा लागला नाही. संध्याकाळी आम्ही पेढे वाटले.

ही माझ्या एकटीची गोष्ट नाही. २००४ मध्ये मारियान बर्ट्रांड, सिमिऑन जँकोव्ह, रेमा हॅना आणि सेंधिल मुल्लाइनाथन या चार अर्थतज्ज्ञांनी दिल्लीत लायसन्स काढू पाहणाऱ्या ८२२ जणांचा पाठपुरावा केला. काहींना लायसन्स लवकर काढलं तर बक्षीस देऊ केलं, काहींना गाडीची शिकवणी फुकट दिली, काहींना नुसतंच सोडलं. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. लायसन्स मिळालेल्यांपैकी सुमारे ७१ टक्क्यांनी गाडी चालवून दाखवायची परीक्षा दिलीच नव्हती. सरकारी फी होती ४५० रुपये, सरासरी खर्च आला १,१२० रुपये. मधला फरक बहुतेक एजंटांच्या खिशातून फिरला. संशोधकांनी मग या लोकांची स्वतंत्र चाचणी घेतली, तेव्हा लायसन्सधारकांपैकी ६२ टक्के गाडी चालवायला लायक नव्हते. या सगळ्यात मला सगळ्यात मार्मिक वाटला तो एक बारकावा: गाडी येत नाही ही एजंटाच्या दृष्टीने अडचणच नव्हती, राहण्याचा पुरावा नसणं ही त्यापेक्षा मोठी अडचण होती.

त्याला आता वीस वर्षं झाली, संगणक आले, सारथी पोर्टल आलं, असं म्हणता येईल. खरंच आलं. पण २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीवर लोकसभेत बोलताना देशातली ३० टक्के लायसन्सं बोगस आहेत असं सांगितलं ते कुणा परक्याने नव्हे, नितीन गडकरींनी, त्या खात्याच्या मंत्र्यांनी. ब्रिटिश अधिकाऱ्याने ते भाषण वाचलं असेल तर आपली हुंडी तो का वटवेल?

गंमत अशी की कागदावर आपली परीक्षा अजिबात कच्ची नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला पंधरावा नियम काढून वाचा. उमेदवाराने काय काय करून दाखवायचं याची लांबलचक यादी आहे, आणि तिची सुरुवात होते मागचं दिसणारा आरसा नीट लावण्यापासून. ब्रिटिश एक्झामिनर माझ्याकडून जे जे करून घेत होता ते जवळजवळ सगळं त्यात आहे. नियम लिहिणारा माणूस शहाणा होता. नियम पाळून घ्यायला खुर्चीवरून उठावं लागतं, एवढंच.

याहून मजेशीर गोष्ट १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आहे. कुणाकडे परदेशातल्या सक्षम अधिकाऱ्याने दिलेलं लायसन्स असेल, तर भारतीय लायसन्स काढताना त्याला चाचणीतून सूट देण्याची तरतूद कलम ९ मध्ये आहे. म्हणजे बाहेरच्या पेढीवर आपला विश्वास आहे. स्वतःच्या पेढीवरचा मात्र ज्याने त्याने आपापल्या मैदानावर आठवून पाहावा.

इंग्रज जन्मतःच शिस्तीचे, म्हणून त्यांची परीक्षा कडक, हे आपल्याकडचं लाडकं स्पष्टीकरण. मला ते मुळीच मान्य नाही. १९०३ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये लायसन्स आलं तेव्हा ते पाच शिलिंगांना मिळे आणि परीक्षा नव्हतीच. तीस वर्षं हा देश तसाच चालला. मग १९३४ साली रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली. आज इथे त्या काळाच्या पंधरापट तरी वाहनं आहेत आणि वर्षाला मृत्यू सतराशेच्या आसपास. यावरून त्या आकड्याचा अंदाज यावा. लेस्ली होर-बेलिशा हे तेव्हाचे वाहतूकमंत्री. जून १९३५ पासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली, फी साडेसात शिलिंग. आधीच गाडी चालवणाऱ्या जुन्या लोकांना अर्थातच हात लावला नाही. मतं तिकडेही लागतात. सांगायचं ते हे, की शिस्त रक्तात नव्हती. ती एका वर्षी, माणसं मेल्यावर, कायदा करून आणली आणि मग तिच्यावर पाळत ठेवली.

आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. ब्रिटनच्या तुलनेत लोकसंख्या एकवीस-बावीस पट, मृत्यू जवळपास शंभर पट. एकट्या महाराष्ट्रात १५,००० हून अधिक. यातला प्रत्येक मृत्यू एजंटाच्या खात्यावर टाकणं खोटं होईल. फुटपाथ नसतात, खड्डे असतात, हेल्मेट आरशाला लटकवलेलं असतं, उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो. पण रस्त्यावर उतरलेल्या माणसाला कुणीतरी एकदा तरी नीट तपासलेलं असावं, ही अपेक्षा काही फार मोठी नाही.

तपासणं म्हणजे काय, हे मला पस्तिशीत कळलं. पहिल्या प्रॅक्टिकलला मी नापास झाले. इथे चाळीस मिनिटं एक अनोळखी माणूस मांडीवर टॅब्लेट घेऊन तुमच्या शेजारी बसतो आणि खऱ्या रहदारीत तुम्हाला फिरवतो. छोट्या चुका पंधरापर्यंत चालतात, गंभीर चूक एकही चालत नाही. मी पंचविसाव्या मिनिटाला एका राउंडअबाउटवर, म्हणजे गोल चौकात, आरशात न बघता लेन बदलली. कुणी हॉर्न वाजवला नाही, कुणाला ब्रेक मारावा लागला नाही. गाडी परत आणल्यावर त्याने शांतपणे सांगितलं: मागे कोणी नव्हतं हे तुमचं नशीब, तुम्हाला ते माहीत नव्हतं. घरी येऊन मी रडले. बारा वर्षं गाडी चालवलेली बाई. मग दोन दिवसांनी विचार केला, की बारा वर्षांत मी आतला आरसा कशासाठी वापरला? टिकली सरळ करायला.

भारतातून आलेल्या अनुभवी चालकांची हीच मोठी अडचण असते, आणि शिकवणारे इन्स्ट्रक्टर ती न विचारता सांगतात: नवशिक्याला फक्त शिकवावं लागतं, तुम्हाला आधी विसरायला लावावं लागतं. आपण समोर बघून चालवतो. मागचा आणि बाजूचा स्वतःचं बघून घेईल, आणि नाहीच बघितलं तर हॉर्न आहे. इथे रात्री साडेअकरा ते सकाळी सात वस्तीत हॉर्न वाजवायला बंदी आहे आणि दिवसाही तो इतका क्वचित ऐकू येतो की वाजला तर शिवी दिल्यासारखा लागतो. दिव्यांचं तर उलटंच. आपल्याकडे समोरच्याने अप्पर मारला की अर्थ एकच: मी येतोय, थांब. इथे अरुंद रस्त्यावर समोरची गाडी दिवे उघडझाप करते तेव्हा बहुतेक वेळा म्हणायचं असतं: या, तुम्ही आधी या. पहिल्या आठवड्यात अशा एका सज्जनासमोर मी आणि माझ्यासमोर तो, दोघंही मिनिटभर उभे होतो.

स्विंडनचा मॅजिक राउंडअबाउट काहींनी चित्रात पाहिला असेल. १९७२ पासूनचा आहे. पाच छोटे गोल एका मोठ्या गोलाभोवती, छोट्यांत घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरायचं, आतल्या गोलात उलट दिशेने. नकाशा पाहिला तर रांगोळी वाटते. सिग्नल नाही, पोलीस नाही. पहिल्यांदा त्यात शिरले तेव्हा देवाचं नाव घेतलं. पण तो चालतो, आणि चांगला चालतो, तो एकाच गृहीतकावर: उजवीकडून येणाऱ्याला प्रत्येक जण जागा देईल. पाचशे माणसांपैकी एकाने जरी मनात आणलं की घुसतो, बघतो कोण थांबतं, तर सगळी रांगोळी विस्कटते. तिथे उभं राहून मला समजलं की लायसन्स हे मला गाडी येते याचं प्रमाणपत्र नाही. गाडी कुणालाही येते. पुढच्या क्षणी मी काय करीन याचा अंदाज अनोळखी माणसाला बांधता येईल, याची ती हमी आहे. ही हमी आमच्या झाडाखालच्या खुर्चीवरून कशी मिळणार होती?

एवढं बोलून झाल्यावर आता ब्रिटनकडे वळते, कारण नाशिकच्या दादांचा अर्धा राग अगदी रास्त आहे. फक्त तो यादीवर काढण्याऐवजी रांगेवर काढायला हवा.

प्रॅक्टिकल परीक्षेला बसायचं तर मागच्या बारा महिन्यांत किमान १८५ दिवस इथे राहिलेलं असावं लागतं. म्हणजे पहिले सहा महिने परीक्षा देता येत नाही. त्यानंतर तारीख शोधायला जावं तर गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणी पाच-पाच महिने थांबावं लागतंय. सहा आणि पाच अकरा. त्यात पहिल्या खेपेला नापास झालात, आणि इथे पहिल्या काय कुठल्याही खेपेला पास होणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याहून थोडं कमीच आहे, की बारा महिने गेले. गेल्या गुरुवारी ज्या रस्त्यावरून तुम्ही मुलांना शाळेत सोडलंत, त्याच रस्त्यावर या गुरुवारी तुम्ही गुन्हेगार. एक हजार पौंडांपर्यंत दंड, लायसन्सवर शिक्षेचे पॉइंट, विमा हातचा गेलेला, पोलिसाने ठरवलं तर गाडी जप्त. एका रात्रीत तुमचं कौशल्य कमी झालं असं तर कुणीच म्हणत नाही. सरकारला परीक्षक पुरवता आले नाहीत, त्याची किंमत उमेदवाराने मोजायची.

आणि हो, एजंट इथेही आहेत. संगणकाचे प्रोग्रॅम लावून परीक्षेच्या तारखा भराभर अडवून ठेवायच्या आणि ६२ पौंडांची तारीख अनेक पट किमतीला विकायची, हा धंदा इथे राजरोस चालला. फरक एवढाच की इथला एजंट तारीख विकतो, निकाल विकत नाही. ब्रिटनमध्ये सगळं स्वच्छ असतं असं सांगणाऱ्या आपल्या लोकांना मी हे आवर्जून ऐकवते. थिअरीला तोतया बसवून पकडले गेलेले आणि तुरुंगात गेलेलेही इथे आहेत.

थिअरीचं आणखी एक. २०१४ पर्यंत हे प्रश्न कानावर हेडफोन लावून एकोणीस परदेशी भाषांत ऐकता येत असत, त्यांत हिंदी होती, गुजराती होती, पंजाबी होती. मराठी नव्हती, पण हिंदीवर आपलं भागलं असतं. गैरप्रकार आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचता यायला हव्यात अशी कारणं देऊन ते बंद केलं. जर्मनीसारख्या देशात थिअरी आजही बारा परक्या भाषांत देता येते आणि तिथल्या रस्त्यांवर त्यामुळे हाहाकार झालेला नाही. पन्नाशीत मुलाकडे राहायला आलेल्या, गावी बिनधास्त गाडी चालवणाऱ्या बाईला 'थांबण्याचं अंतर किती' हे इंग्रजीत न कळणं आणि गाडी थांबवता न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बायकांचा विषय निघालाच आहे. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या कितीजणी मी पाहिल्या, ज्यांनी पुण्यात किंवा कोल्हापुरात रोज अॅक्टिव्हावर किंवा गाडीने नोकरी, बाजार, मुलांची शिकवणी सगळं सांभाळलं. इथे उपनगरात तासाला एक बस. बारा महिन्यांत पहिली परीक्षा देतो तो नवरा, कारण नोकरी त्याची. बाईचं 'बघू पुढच्या वर्षी'. पुढच्या वर्षी तिची तऱ्हा कशी होते ते मी बघितलंय: डॉक्टरकडे जायचं तर शनिवारची वाट, भाजी आणायची तर कुणीतरी नेईल याची वाट. आणि केअर वर्कर म्हणून आलेल्या मुली. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना अंघोळ घालणं, औषधं देणं हे काम. खेड्यापाड्यांत ते गाडीशिवाय होत नाही आणि कित्येक जाहिरातींत लायसन्स ही पहिलीच अट. त्या वर्गासाठी परदेशातून नवी भरती ब्रिटनने जुलै २०२५ मध्ये थांबवली, पण आधी आलेल्या आहेतच. त्यांच्यासाठी तेरावा महिना म्हणजे पगाराचा प्रश्न.

म्हणून ब्रिटनकडे माझी मागणी एकच, आणि ती यादीत घालून घ्या अशी नाही. ज्याने बारा महिन्यांच्या आत थिअरी पास होऊन प्रॅक्टिकलची तारीख घेतली आहे, त्याला त्या तारखेपर्यंत जुन्या लायसन्सवर गाडी चालवू द्या. परीक्षा हवी तेवढी कडक ठेवा. इथल्या मराठी मंडळांनी, गुजराती समाजांनी, केरळच्या नर्सेसच्या संघटनांनी आपापल्या खासदाराला एवढं एक वाक्य लिहिलं तरी ते 'आमच्यावर अन्याय' या रडगाण्यापेक्षा जास्त ऐकलं जाईल, कारण रांगेत त्या खासदाराच्या मतदाराची सतरा वर्षांची मुलगीही उभी आहे.

आणि महाराष्ट्र? इथे मला जर्मनीचं उदाहरण जास्त उपयोगी वाटतं. तिथे भारतीय लायसन्स सहाच महिने चालतं, मग थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही. पण जर्मनीच्या यादीत एक वेगळेपण आहे: अमेरिका हा देश तिच्यात एकगठ्ठा नाही. राज्यं सुटी सुटी आहेत. टेक्सासचं लायसन्स परीक्षेशिवाय बदलून मिळतं, फ्लोरिडावाल्याला थिअरी द्यावी लागते, काही राज्यांचं नावच नाही. म्हणजे संघराज्यातल्या एका राज्याची पत वेगळी मोजता येते, याला पूर्वाधार आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठवण्याच्या घोषणा झाल्या, जर्मन भाषेचे वर्ग निघाले. ज्या कामांसाठी माणसं हवीत त्या यादीत परिचारिका, इलेक्ट्रिशियन यांच्याबरोबर वाहनचालकही होते. म्हणजे आपण चालक निर्यात करायला निघालो आहोत आणि त्या चालकाच्या खिशातल्या आपल्याच सहीच्या कार्डाला तिथे सहा महिन्यांपलीकडे किंमत नाही. तिकडे पोचल्यावर मोटारीपासून सगळं पुन्हा, युरोत पैसे मोजून. करारावर सही करताना हा प्रश्न कुणी विचारला असेल तर निदान बाहेर ऐकू आला नाही.

भारतात कायदा केंद्राचा असला तरी परीक्षा घेतात राज्याची कार्यालयं. पुण्यात भोसरीजवळ नाशिक फाट्याला चारचाकीची चाचणी संगणकीकृत ट्रॅकवर होते. साहेबांनी वर पाहिलं काय आणि नाही पाहिलं काय, यंत्र बघतं. हे चांगलंच झालं. पण ट्रॅकवर पादचारी नसतो, उलट्या दिशेने येणारा रिक्षावाला नसतो. आठ बरोबर निघाला म्हणजे झेब्रा क्रॉसिंगवर म्हातारीसाठी गाडी थांबेल असं नाही. यंत्राने लाच पकडता येते, सवय पकडता येत नाही. त्याच वेळी दुसऱ्या टोकाला २०२१ पासून लर्निंगची परीक्षा घरबसल्या देण्याची सोय महाराष्ट्राने केली. समोर कोण बसलंय आणि शेजारून उत्तरं कोण सांगतंय हे बघायची पक्की व्यवस्था होईपर्यंत ती सोय मला तरी पेढीची पत वाढवणारी वाटत नाही.

सुरुवात लहान करता येईल. पुणे, नाशिक, नागपूर अशा दोन-तीन ठिकाणी ट्रॅकनंतर वीस मिनिटं खऱ्या रस्त्यावर परीक्षा, गाडीत कॅमेरा, चित्रण जपून ठेवायचं. आणि याला तर पैसेही लागत नाहीत: ब्रिटनमध्ये प्रत्येक परीक्षा केंद्रावर शंभरातले किती पास झाले हे सरकार छापतं. महाराष्ट्राने प्रत्येक आरटीओचा तसा आकडा दर महिन्याला जाहीर करावा. कुठल्या कार्यालयात शंभरातले नव्याण्णव पास होतात ते लोकांना वाचू द्यावं, बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या अधिकाऱ्यांनाही वाचू द्यावं. पहिल्या वर्षी हा आकडा निम्म्यावर आला तर मोर्चे निघतील, ट्रेनिंग स्कूलवाले संपावर जातील, आमदार आरटीओतल्या साहेबांना फोन लावतील. लावू देत.